कॉलेजच्या वयात कॅन्सर निघाला तर काय काय करायचं: घरच्यांसाठी, मित्रांसाठी आणि खुद्द त्या पोरापोरींसाठी

माझ्या धाकट्या भावाला बारावीच्या वर्षी उजव्या गुडघ्याच्या वर हाडाचा कॅन्सर निघाला, ऑस्टिओसार्कोमा. आम्ही कराडकडचे. पहिले दोन महिने क्रिकेट खेळताना लागलं असेल असं धरून आम्ही त्याला तेल लावून चोळणाऱ्याकडे नेत होतो, हे आधीच कबूल करते. नंतर जवळपास वर्षभर मुंबईच्या चकरा झाल्या आणि त्या वर्षात मला एक गोष्ट सतत खटकली. मुलगा सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, आणि डॉक्टर बोलणार बाबांशी, फाईल आईच्या कापडी पिशवीत, आणि हा बाजूला मोबाईलमध्ये मान घालून बसलेला. लहान मुलांच्या वॉर्डात भिंतीवर छोटा भीम, तिथे याचे पाय कॉटच्या बाहेर, आणि मोठ्यांच्या ओपीडीत शेजारी साठीचे काका. बाहेरच्या देशांत १५ ते ३९ असा वेगळा वयोगटच धरतात, कारण या लोकांचे आजार वेगळे आणि अडचणी तर अजूनच वेगळ्या. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी हे मधल्या मध्ये लटकतात, ना इकडे ना तिकडे. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात औषधांपेक्षा जास्त भर ते सगळं त्या पोराच्या हातात कसं द्यायचं यावर आहे. मी डॉक्टर नाही, औषधाबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

पहिलं काम: तपासणी योग्य जागी

या वयात जास्त करून ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर), लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा), हाडांचे सार्कोमा, ब्रेन ट्यूमर, थायरॉईड आणि जर्म सेल ट्यूमर (अंडकोष-अंडाशयातल्या बीजपेशींपासून होणारे) दिसतात. युवराज सिंगला झाला होता तो जर्म सेल प्रकारातलाच, छातीत होता, आणि २०१२ मध्ये किमो संपवून त्याच वर्षी सप्टेंबरात तो भारताकडून परत खेळला. हे नातेवाईकांना सांगायला फार उपयोगी पडतं बरं का.

या वयात कॅन्सर कोणाच्या डोक्यातच येत नाही, तिथेच उशीर होतो. रात्री झोपेतून उठवणारी हाडाची दुखणी, महिनाभर न जाणारी आणि न दुखणारी मानेतली गाठ, उगीचच ताप आणि वजन उतरणं, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, मुलांच्या बाबतीत अंडकोषात लागणारी टणक गाठ (लाजेपायी मुलं सहा सहा महिने बोलत नाहीत), यातलं काही असेल तर चोळणं, शेकणं बंद आणि सरळ एक्स-रे नाहीतर रक्ततपासणी.

हाडाचा ट्यूमर वाटत असेल तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, गावातल्या गावात उरकू नका. जिथे ऑपरेशन होणार त्याच सेंटरला करा, कारण बायोप्सीची सुई किंवा कट ज्या मार्गाने गेला तो भागही नंतर ऑपरेशनमध्ये काढावा लागतो, आणि चुकीच्या जागी कट दिला असेल तर पाय वाचवणारं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. आमची पहिली बायोप्सी अशीच घाईत एका ठिकाणी झाली, मग मुंबईच्या सर्जननी तो टाका बघून नुसता सुस्कारा टाकला. पाय वाचला, पण तो सुस्कारा मला अजून आठवतो.

दुसरं, विचारायला लाजू नका की आमच्या मुलाला लहान मुलांचा प्रोटोकॉल (औषधांचा ठरलेला आराखडा) देणार का मोठ्यांचा. एएलएल नावाच्या ल्युकेमियात १६-२० वयाच्या मुलांना लहान मुलांच्या धर्तीवरची ट्रीटमेंट दिली तर निकाल चांगले येतात हे आता मान्य झालेलं आहे. सेकंड ओपिनियन घेतलं म्हणून कोणी डॉक्टर रागावत नाही, आणि रागावलेच तर तेही एक उत्तरच झालं. बायोप्सीच्या तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक (काचपट्ट्या आणि मेणात जपलेला तुकडा) मात्र मागून घ्या, नुसता कागद घेऊन गेलात तर परत पहिल्यापासून.

त्याला सांगायचं का? हो. आणि कसं

घरात पहिली कुजबूज हीच असते, त्याला काही सांगू नका, खचेल. आमच्या आईने चार दिवस "गाठ आहे, इन्फेक्शन आहे" चालवलं. पोराने फाईलीवरचं स्पेलिंग गुगल केलं आणि रात्री दोन वाजता एकट्याने सगळं वाचलं, पंधरा वर्षांपूर्वीचे आकडे, घाणेरडे फोटो, सगळं. नंतर तो म्हणाला की कॅन्सरपेक्षा तुम्ही सगळे नाटक करत होता त्याची भीती जास्त वाटली.

तर असं करा. डॉक्टरांना आधी सांगा की बोलणं त्याच्या समोर करायचंय. कॅन्सर हाच शब्द वापरा, "ते" किंवा "तसलं" नको. तीन गोष्टी सांगितल्या की पहिल्या दिवशी पुरे: कुठला आहे, ट्रीटमेंट काय आणि अंदाजे किती महिने, आणि पुढचा आठवडा कसा असणार. बाकी तो विचारेल तेव्हा. "बरा होईन का" असं विचारलं तर खोटी गॅरंटी देऊ नका, "डॉक्टरांना दोघं मिळून विचारू" हे उत्तर चालतं. आणि "तू फायटर आहेस" हे दिवसातून दहा वेळा ऐकवू नका, त्याला एखाद्या दिवशी नुसतं कंटाळून पडायचं असतं आणि मग तेही हरल्यासारखं वाटतं.

गुटखा-मावा खाणाऱ्या पोरांना तोंडाचा कॅन्सर विशीतही निघतो. त्या पोरांना घरचे "तूच ओढवून घेतलंस" म्हणून रोज टोमणे मारतात. त्याला ते कळलेलं असतं हो. तंबाखू सुटली पाहिजे हे खरं, त्यासाठी तंबाखूमुक्तीचं समुपदेशन मागा, टोमण्याने सुटत नाही.

कायद्याचं थोडं: १८ पूर्ण होईपर्यंत संमतीपत्रावर आईवडिलांची सही, १८ नंतर त्याची स्वतःची. भावाचा अठरावा वाढदिवस किमोच्या चौथ्या सायकलमध्ये आला आणि त्या दिवशी सिस्टरने पहिल्यांदा फॉर्म बाबांच्या ऐवजी त्याच्यापुढे धरला, तर हा आमच्याकडे बघायला लागला. म्हणजे सवय आधीपासून लावायची. सोळाव्या-सतराव्या वर्षीही डॉक्टरांकडे पाच मिनिटं एकट्याने बोलायला द्या, तुम्ही बाहेर थांबा. दारू, सिगरेट, गर्लफ्रेंड, संबंध, मरणाची भीती हे आईसमोर कोण बोलेल?

पहिल्या किमोच्या आधी, मी म्हणते आधीच

हा मुद्दा सगळ्यात जास्त राहून जातो, आणि एकदा वेळ गेली की परत येत नाही. काही किमो औषधं आणि ओटीपोटावरचं रेडिएशन यांनी पुढे मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते किंवा जाऊ शकते. जीव वाचवायच्या घाईत डॉक्टरही कधी बोलत नाहीत आणि आपल्याकडे तर सतरा वर्षांच्या पोरासमोर हा विषय काढायचा म्हणजे घरात सगळे भिंतीकडे बघतात.

मुलांसाठी सोपं आहे. वयात आलेला मुलगा असेल तर स्पर्म बँकेत नमुना गोठवून ठेवता येतो, एक-दोन दिवसांत काम होतं, किमो लांबत नाही. दोन-तीन नमुने देता आले तर उत्तम, एकच झाला तरी काहीच नसण्यापेक्षा बरा. दरवर्षी ठेवणावळ भरावी लागते, ती तारीख कोणाच्या तरी फोनमध्ये घाला. हे बोलणं बाबांनी किंवा मामाने किंवा सरळ डॉक्टरांनी करावं आणि मुलाबरोबर लॅबला जाताना अख्खं खानदान नेऊ नये. आमच्याकडे आत्या पण निघाली होती, तिला मी चहाला नेलं.

मुलींचं जरा किचकट आहे. स्त्रीबीज गोठवायला इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि साधारण दोन आठवडे जातात, ल्युकेमियासारख्या आजारात तेवढी वाट बघता येत नाही. काही सेंटरला अंडाशयाचा तुकडा काढून गोठवण्याची सोय असते. काही वेळा किमोच्या काळात अंडाशय झोपवून ठेवायचं इंजेक्शन देतात, पण ते बीज गोठवण्याला पर्याय नाही. तुमच्या बाबतीत यातलं काय जमेल हे ऑन्कोलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारा आणि "लग्नानंतर बघू" असं उत्तर घरातून आलं तर ते ऐकू नका. पाळी बंद झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असंही नाही, किमो चालू असताना गर्भ राहणं धोक्याचं, त्यामुळे संबंध असतील तर काळजी घ्यायची, हे मुलीला आणि मुलाला दोघांनाही स्पष्ट सांगा.

त्याच आठवड्यात अजून तीन कामं उरका: दातांच्या डॉक्टरला दाखवा कारण किडका दात काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) पडल्यावर त्रास देतो, पिक लाईन किंवा किमोपोर्ट, म्हणजे औषधासाठी शिरेत कायम ठेवायची नळी, बसवणार का ते विचारा (रोज शिरा शोधत टोचण्यापेक्षा हजारपट बरं), आणि केस. केस साधारण दोन-तीन आठवड्यांत जायला लागतात. उशीवर झुपके बघण्यापेक्षा आधीच बारीक कापून टाका, कधी आणि कसे ते त्यानेच ठरवू दे. भावाने एका रविवारी नेहमीच्या न्हाव्याकडे जाऊन मशिन मारून घेतलं, दोन मित्रांनी पण मारलं, त्यातल्या एकाला घरी ओरडा बसला.

पैसा आणि कागद

महाराष्ट्रात पहिला दरवाजा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. आता ती आयुष्मान भारतशी जोडून चालते आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांची आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो, आधी त्याला गाठा, कारण मंजुरी ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, नंतर बिल दाखवून पैसे मिळत नाहीत. चौकशीचा टोल फ्री नंबर १५५३८८.

कागदांत या वयाची एक खास अडचण आहे, कोणी सांगत नाही म्हणून सांगते. आधारचे बोटांचे ठसे ५ आणि १५ वर्षं झाल्यावर अपडेट करायचे असतात, बहुतेक पोरांचं पंधराचं राहिलेलं असतं आणि मग ऐनवेळी ठसा जुळत नाही. दुसरं, रेशन कार्डावर मुलाचं नाव चढवलेलंच नसतं, किंवा आधारवर एक स्पेलिंग आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात, ते हातावर हात ठेवून न बसता यात घालवा.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधी, त्याला हॉस्पिटलचं एस्टिमेट आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात, ते स्वतःहून सांगतीलच असं नाही, मागावं लागतं. आईवडिलांपैकी कोणाची कंपनीची पॉलिसी असेल तर बघा, बऱ्याच पॉलिसींत मूल २५ वर्षांपर्यंत धरतात. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात रजिस्ट्रेशन करताना जनरल की प्रायव्हेट विचारतात, घाबरून प्रायव्हेट घेऊ नका, डॉक्टर आणि औषध तेच, फरक खर्चाचा आणि सोयीचा. आणि प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर असतात, ट्रस्टकडे अर्ज कसा लिहायचा हे त्यांच्याइतकं कोणाला येत नाही. पहिल्या आठवड्यातच भेटा, पैसे संपल्यावर नाही.

आता फोटोबद्दल. मदतीचं आवाहन ऑनलाईन टाकताना पोराचा नाकात नळी घातलेला फोटो टाकतात. आमच्या एका नातेवाईकाने भावाचा टक्कल केलेला, झोपेतला फोटो गावच्या पाच ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले इमोजी आणि बँकेचा नंबर. पैसे आले, खोटं कशाला बोलू, पण तो फोटो त्याच्या वर्गातल्या मुलींपर्यंत गेला आणि तो दोन दिवस जेवला नाही. त्याला विचारा. कुठला फोटो, काय मजकूर, कोणत्या ग्रुपवर, हे तो ठरवेल. कधी चांगला हसरा, आजारपणाच्या आधीचा फोटोही तेवढंच काम करतो.

मुंबईत राहायचं कुठे, यायचं कसं

रेल्वेत कॅन्सर पेशंटला ट्रीटमेंटसाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत असते, बरोबरच्या एकाला त्यात ७५ टक्के. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला फॉर्म भरून सही-शिक्का घ्या आणि रिझर्वेशनच्या खिडकीवर दाखवा. आम्ही महालक्ष्मीने रात्री बसून सकाळी दादरला उतरायचो. एसटीतही कॅन्सर पेशंटला सवलत आहे.

राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, वांद्र्याचं बोर्जेस होम ही नावं टाटाच्या आवारात कोणीही सांगेल. हॉस्पिटलचं पत्र लागतं आणि वेटिंग असतं. सेंट ज्यूड्सची केंद्रं फार छान आहेत, पण ती लहान मुलांसाठी. या वयात हे पदोपदी होतं, बऱ्याच संस्थांच्या मदतीला वयाची अट असते आणि सतरा-अठराचं पोर नेमकं त्यातून सुटतं. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न वयाचा विचारा, अख्खी कहाणी सांगून झाल्यावर "बसत नाही" ऐकण्यात काही अर्थ नाही.

किमो चालू असताना घरी

ताप. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की तास-दोन तासांत हॉस्पिटल, रात्र असो की गणपती विसर्जन. आधी थर्मामीटर लावा; पॅरासिटामॉल देऊन ताप दाबायचा आणि सकाळी बघू म्हणायचं असं करू नका. किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत काउंट सगळ्यात खाली असतात, ते दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा. गावी गेलात तर जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात जायचं ते आधी ठरवा आणि ऑन्कोलॉजिस्टचं पत्र खिशात असू द्या, नाहीतर तिथला डॉक्टर व्हायरल म्हणून परत पाठवतो.

या वयाची पोरं ताप लपवतात हे लक्षात घ्या. परत अ‍ॅडमिट नको म्हणून. भावाने एकदा लपवला होता, संध्याकाळपर्यंत थरथरायला लागला. म्हणून थर्मामीटर त्याच्याच हातात द्या आणि कशासाठी ते समजावून सांगा, पोलिसगिरी केली की लपवणारच.

डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध असतं, त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं, पण आधी कोणी सांगितलं नसेल तर पोरगं बाथरूममधून पांढरंफटक होऊन बाहेर येतं. ज्यांना मेथोट्रेक्सेट या किमो औषधाचे मोठे डोस आहेत त्यांनी ब्रुफेनसारख्या गोळ्या परस्पर घ्यायच्या नाहीत. सिस्प्लॅटिन या किमो औषधावर असणाऱ्यांना कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटलं किंवा बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे झाले तर लगेच सांगायचं.

खाण्याचं सोपं ठेवा. ताजं, शिजवलेलं, गरम. पाणीपुरी, रसवंतीचा रस, बाहेरची चटणी, कच्ची कोशिंबीर काउंट कमी असताना नको. बाकी त्याला मॅगी खावीशी वाटली तर मॅगी. जिभेची चव गेलेली असते, भावाला फक्त लिंबाचं लोणचं आणि मऊ भात जायचा, तोंड आलं की लोणचंही बंद. पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, कुठल्या तरी बाबाची पुडी, हे घेऊन येणाऱ्यांशी भांडत बसू नका, "डॉक्टरांना विचारून देतो" म्हणून डब्यात ठेवून द्या. खरंच विचारा मात्र, काही पानांचे रस आणि भुकट्या किमोच्या औषधात लुडबुड करतात आणि यकृतावर ताण आणतात.

मित्रांनो, तुमच्यासाठी

"काही लागलं तर सांग" हे वाक्य बंद करा, तो कधीच सांगणार नाही. "गुरुवारी चारला येतो, फिफा आणतो" हे चालतं. सर्दी असेल तर येऊ नका, व्हिडिओ कॉल करा. कॉलेजमधली भांडणं, कोण कोणाच्या मागे आहे, मास्तरांच्या नकला, सगळं सांगा. त्याला त्रास होईल म्हणून मजा लपवू नका, त्यानेच त्याला एकटं वाटतं.

आणि प्लेटलेट. हे तुम्ही करू शकता आणि याची किंमत नाही. प्लेटलेट काढल्यावर जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून साठा करून ठेवता येत नाही, सतत माणसं लागतात. मशिनवर बसून द्यायला साधारण तास-दीड तास लागतो, वय १८ पूर्ण, वजन चांगलं, आदल्या दिवसांत अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी घेतलेली नको. वर्गातल्या दहा-बारा जणांनी ब्लडग्रुप लिहून यादी करा, प्रत्येकाने आपला आठवडा धरा, आणि एकाने फोन करायचं काम अंगावर घ्या. आमच्याकडे हे काम भावाच्या वर्गातल्या एका मुलीने केलं, ती एक्सेल शीट मी अजून ठेवलीये.

शिक्षणाचं

पहिल्या महिन्यातच प्राचार्यांना लेखी कळवा, सोबत हॉस्पिटलचं सर्टिफिकेट, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी "बघू हो, काळजी करू नका" यावर राहू नका, नंतर क्लार्क बदलतो. बारावीला फॉर्म भरून ठेवा, फेब्रुवारीत जमलं नाही तर पुढची पुरवणी परीक्षा असतेच. वर्ष गेलंच तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

पाय कापावा लागला असेल किंवा आत धातूचा सांधा बसवला असेल, दृष्टी किंवा ऐकणं गेलं असेल, तर दिव्यांगत्वाची तपासणी करून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. नुसता कॅन्सर झाला म्हणून ते मिळत नाही, पण त्यातून आलेलं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त भरलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या सवलती लागू होतात, परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा आणि लेखनिकही. अर्ज परीक्षेच्या बऱ्याच आधी करावा लागतो.

वर्ष वाया गेलं म्हणून आईबाप जास्त रडतात. भावाने त्या वर्षी परीक्षा दिली नाही, हट्टाने आम्हीच फॉर्म भरला होता आणि त्याला पुस्तक धरून बसवायचो, ती आमची चूक. किमोने डोकं जड होतं, वाचलेलं राहत नाही, ते आळस नसतं.

मनाचं

चिडचिड, दार आपटणं, आईवर ओरडणं हे या वयात तसंही असतं, त्यात हे. पण दोन आठवडे झोप नाही, कोणाशी बोलणं नाही, "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही बोलला तर थांबू नका. हॉस्पिटलात सायको-ऑन्कोलॉजीचे, म्हणजे कॅन्सर पेशंटच्या मनाचं बघणारे, लोक असतात, त्यांची अपॉइंटमेंट मागा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

आणि त्याच्यासारखंच झालेलं दुसरं कोणी भेटवा. इंडियन कॅन्सर सोसायटी ही १९५१ पासूनची मुंबईची संस्था, तिचा उगम नावाचा गट आहे, लहानपणी किंवा किशोरवयात कॅन्सरमधून बाहेर आलेल्या तरुणांचा. मी, आई, डॉक्टर, सगळ्यांनी मिळून जे सहा महिन्यांत जमलं नाही ते एका पाय गेलेल्या, बाईक चालवणाऱ्या दादाने कॅन्टीनमध्ये अर्ध्या तासात केलं.

आजार परत आला तर

याबद्दल फार लिहिता येत नाही मला. भावाच्या शेजारच्या बेडवर एकोणीस वर्षांची मुलगी होती, तिचा दुसऱ्यांदा उलटला होता. तिच्या घरच्यांनी शेवटपर्यंत तिला सांगितलं नाही, आणि ती आम्हाला म्हणायची की मला माहितीये पण आईला कळता कामा नये की मला माहितीये. दोघी एकमेकींपासून लपवत राहिल्या.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे सगळं संपलं असं नसतं, दुखणं, दम लागणं, झोप यासाठीचा तो विभाग आहे आणि ट्रीटमेंट चालू असतानाही त्यांच्याकडे जाता येतं. मॉर्फिनला घाबरू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलं तर त्याचं व्यसन लागण्याची भीती फार कमी. आणि पुढची किमो घ्यायची का घरी जायचं या बोलण्यात त्याला किंवा तिला बसवा. घरी कुत्रा आहे, समुद्र बघायचाय, कोणाला तरी फोन करायचाय, असल्या गोष्टी विचारल्याशिवाय कळत नाहीत.

ट्रीटमेंट संपल्यावर

सगळे पेढे वाटतात आणि पोरगं मात्र घाबरलेलं असतं, कारण आता दर आठवड्याला बघणारं कोणी नाही. हे अगदी कॉमन आहे. टाटामध्ये ट्रीटमेंट संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं एसीटी (आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी) क्लिनिक चालतं, तुमच्या हॉस्पिटलात तसं काही आहे का विचारा.

काय काय तपासत राहायचं ते औषधावर ठरतं: डॉक्सोरुबिसिन झालं असेल तर मधूनमधून हृदयाची इको, सिस्प्लॅटिनला कान आणि किडनी, मानेवर रेडिएशन असेल तर थायरॉईड, आणि छातीवर रेडिएशन झालेल्या मुलींनी स्तनांची तपासणी बाकी बायकांपेक्षा खूप आधी सुरू करायची, कधीपासून ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. धातूचा सांधा असेल तर साधा ताप किंवा पायाला सूज आली तरी ऑर्थोला दाखवा.

विम्याच्या फॉर्मवर आजार लपवू नका, क्लेम नाकारायला तेवढंच कारण पुरतं. जुन्या आजारासाठी वेटिंग पिरियड (तोवर क्लेम मिळत नाही) असतो, आता तो जास्तीत जास्त ३ वर्षांचा. नोकरी लागली तर कंपनीची ग्रुप पॉलिसी बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून लागू होते, ती नीट वाचून घ्या.

लग्नाचं बोलणं निघतंच. मुलगा असेल तर "होईल हो सगळं", मुलगी असेल तर घरचे सरळ लपवायला सांगतात. माझं मत विचाराल तर पहिल्या भेटीत फाईल उघडायची गरज नाही, पण साखरपुड्याच्या आधी सांगायचंच, आणि तेही तिने किंवा त्याने स्वतः, काका-मध्यस्थामार्फत नाही. जे स्थळ तेवढ्यावर परत जातं ते गेलेलं बरं.

आणि फाईल. शेवटच्या अ‍ॅडमिशनला डिस्चार्ज घेताना ट्रीटमेंट समरी मागून घ्या, एक-दोन पानांची असते. त्यात आजाराचं पूर्ण नाव आणि स्टेज, पॅथॉलॉजी नंबर, प्रत्येक किमो औषधाचा एकूण डोस, रेडिएशन कुठे आणि किती ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), ऑपरेशनची तारीख आणि बसवलेल्या सांध्याचं नाव, हे सगळं आहे ना ते तिथेच उभं राहून तपासा. डॉक्सोरुबिसिनचा एकूण आकडा नसेल तर परत खिडकीवर जा. समरीचा फोटो काढून पोराच्या फोनमध्ये, त्याच्या मेलवर आणि घरातल्या एकाकडे ठेवा. लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढताना चकाकतं आणि शिक्का उमटत नाही. भाऊ आता फॉलोअपला एकटाच जातो, मूळ फाईल आमच्या आईच्या कपाटातून त्याच्या पुण्याच्या रूमवर नेलीये, आणि आई दर वेळी फोन करून विचारते की बायोप्सीचा तो गुलाबी कागद आहे ना त्यात.